तणसातला अर्धविराम

काटोलहून नागपूरला येणाऱ्या बसमध्ये शेजारच्या काकांनी सगळंच गुंडाळून ठेवलं होतं. चष्मा रुमालात, तिकीट पिशवीत आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. मी लॅपटॉप उघडून घामाघूम. दुपारी गिऱ्हाइकाला वेबसाइट दाखवायची होती, आणि ब्राउझरच्या कुकीत, म्हणजे त्याच्या छोट्या नोंदीत, साठवलेला पानाचा पत्ता अर्धविरामापाशी तुटत होता; तिथे नोंद संपली असं ब्राउझरला वाटायचं.

"काय करून राहिला गा?" काकांनी विचारलं. मी सांगितलं.

"मंग ते चिन्ह उघडंच काहून ठेवलं? आमी संत्रंही तणसाशिवाय पेटीत भरत नाही."

खरंच की! मी अर्धविराम सांकेतिक आकड्यांत गुंडाळला. पत्ता अख्खा साठवला गेला. मी काकांना हात जोडले.

तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. काका पिशव्या सोडत बसले, गाठी सुटेनात. तपासनीस ताटकळत उभा, आणि मला दुपारचं गिऱ्हाईक आठवलं. पत्ता पुन्हा उलगडायचा कोड मी लिहिलाच नव्हता.