उजव्या डोळ्याची पंचायत

घरात एकाचा डोळा बिघडला की बाकीच्यांची अक्कल बाहेर पडायला लागते. माझ्या उजव्या डोळ्यापायी असले किस्से एवढे साठलेत, की कॉलेजात टिकलो असतो तरी तेवढ्या नोट्स झाल्या नसत्या!

*

कॉलेज सोडलं, कारण फळ्यावर अक्षराला अक्षर चिकटायचं. कळंबात तीनदा चष्मा बदलला. अप्पा, म्हणजे माझे वडील, गावभर सांगत फिरले, "पोरगं मोबाईलनं वाया गेलं." सांगताना मोबाईल त्यांच्याच हातात!

*

शेवटी सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी रोग सांगितला. बुबुळावरचा काचेसारखा पडदा पातळ होऊन टोकदार फुगतोय. आत रिंग बसवून आकार सुधारायचा, मग थेंब टाकून लाईट मारायचा, म्हणजे पडदा घट्ट होतो, फुगणं थांबतं. दोन्ही एकाच वेळी. "उशीर केला तर पडदाच बदलावा लागेल."

अप्पा म्हणाले, "आधी एक करा. गुण आला तर दुसरं बघू."

"अप्पा, आकार न देता घट्ट केलं तर वाकडंच घट्ट होईल ना!"

"तू डॉक्टर हायस का?"

"तुमी हाय का?"

बाई बिचाऱ्या कधी माझ्याकडं बघतायत, कधी अप्पांकडं.

*

आत्याला वेगळीच काळजी. "रिंग सोन्याची का चांदीची?"

"प्लास्टिकची."

"लग्नाच्या पोराच्या डोळ्यात प्लास्टिक? लोकं काय म्हणतील!"

*

मग आले थोरले चुलते, दादा. भावाभावांच्या वाटण्या करण्यात उभा जन्म गेला. त्यांनी निकालच दिला, "उजव्याला रिंग, डाव्याला लाईट. मिटलं."

"दादा, डावा चांगलाय!"

"म्हणून त्याला काहीच न्हाय? ह्याला न्याय म्हणत्यात व्हय?"

सगळं घर मान डोलवायला लागलं. क्षणभर मलाच पटलं! दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच सोलापूरच्या एसटीत बसलो आणि ऑपरेशनच्या फॉर्मवर स्वतः सही केली. दोन्ही. उजव्यालाच.

*

ऑपरेशननंतरच्या तपासणीला अप्पा हट्टानं सोबत आले. बाईंनी माझा डावा डोळा झाकला, खोलीत अंधार केला, समोर एक बारीक दिवा लावला. "किती दिसतात?"

आधी तीन दिसायचे. नीट बघितलं. "एक. कडेला थोडी सावली."

बाई हसल्या. मला तर रडूच फुटलं.

मागं अप्पा ताडकन उठले. "एकच? ओ बाई, मला इथनं तीन दिसायलेत. पोराचे दोन कुठं घालवले?"