उजव्या कोपऱ्यातला पाहुणा

दिंडोशीच्या त्या वसाहतीत जॉनी मिस्किटाला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, कारण जॉनी स्वतःच त्याला गाठून ओळख करून देतो. आधी नाव, मग मजला आणि लगेच तिसरं वाक्य: "तो सिनेमा पाहिलाय ना? लग्नाच्या सीनमध्ये उजव्या कोपऱ्यात फेटेवाला पाहुणा आहे. तो मी."

सिनेमा कोणता, हे सांगायची गरज जॉनीला कधी वाटली नाही. तीस वर्षांपूर्वी तो सगळ्यांनी आजीआजोबांसकट पाहिला होता. त्यात तीन भाऊ एका छपराखाली राहतात, जावाजावा एकमेकींना घास भरवतात, नोकर मालकाच्या दुःखात मालकाच्या आधी रडतात आणि साडेतीन तासांत कुणीही वीजबिलाचा विषय काढत नाही. जॉनी तेव्हा पहाटे आरेच्या दूधकेंद्रावर असायचा आणि दुपारी मोकळा. शूटिंगला गर्दी पुरवणारा एक ओळखीचा माणूस त्याला अधूनमधून बोलावून घ्यायचा. त्या दिवशी जॉनीच्या डोक्यावर फेटा चढला, हातात सरबताचा ग्लास आला आणि दिग्दर्शकाच्या सहायकाने त्याला नवरीच्या मामासारखं उभं राहायला सांगितलं. तेव्हापासून जॉनी मनाने तिचा मामाच आहे.

पडद्यावर तो चार सेकंद दिसतो. त्या चार सेकंदांवर त्याने तीस वर्षं मिजास केली. आधी कॅसेट, मग सीडी, मग मोबाइल जोडून टीव्ही, पण रीत तीच. लग्न आलं की जॉनी चित्र थांबवणार, उठून काचेला बोट टेकवणार आणि मगच घरात पानं वाढली जाणार. टीव्हीच्या उजव्या बाजूला बोटाचा एक तेलकट डाग आहे, तो कुणी पुसलेला त्याला खपत नाही. लिओनाला, म्हणजे त्याच्या मुलीला, मागणी घालायला रसेल आला तेव्हा त्यालाही ही परीक्षा द्यावी लागली. बिचाऱ्याने घाबरून भजी वाढणाऱ्यावर बोट ठेवलं. लग्न दोन महिने पुढे गेलं.

भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडतात तो प्रसंग आला की जॉनी हमसून हमसून रडतो. त्याच्या स्वतःच्या भावाशी, ग्लेनरॉयशी, गावठाणातल्या घरावरून त्याची एकोणीस वर्षं कोर्टात केस चालू आहे. तारखेहून परत आल्यावर तर सिनेमा लावावाच लागतो, त्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

त्याची बायको ऑलिव्ह या सगळ्यात कुठे असायची, तर ओट्याशी. खरं म्हणजे त्या दिवशी तीही सेटवर होती. जॉनीचा डबा घेऊन गेली होती, तर बायका कमी पडल्या म्हणून तिलाही जरीची साडी नेसवून गर्दीत घुसवलं. जॉनीच्या गोष्टीत तिचं काम मात्र एका वाक्यात आटपायचं: ऑलिव्हपण होती, पण तिला कापली. त्यावर ऑलिव्ह भात उतू जातोय का ते बघायला आत जायची.

यंदा सिनेमाला तीस वर्षं झाली म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांनी रविवारी दुपारी हॉलमध्ये खास खेळ ठेवला. प्रमुख पाहुणे अर्थात जॉनी. चंद्रप्रकाशांनी त्याला आधीच विचारलं होतं की वरखाली काळ्या पट्ट्या येतात ती जुनी प्रत लावू, की आता नवीन आलीय ती, स्वच्छ, पडदा पूर्ण भरणारी. जॉनीचा त्या पट्ट्यांवर जुना राग होता. माणूस मोठा दिसायला पाहिजे, नवीच लावा, असं त्याने ठणकावून सांगितलं. ग्लेनरॉयलाही आमंत्रण गेलं, वकिलामार्फत.

जॉनी सूट घालून पहिल्या रांगेत बसला. शाल, नारळ, दोन भाषणं झाली. लग्नाचा सीन आला तसा तो उठला, पडद्यापाशी गेला आणि त्याने हात वर केला. लिओनाने चित्र थांबवलं. जॉनीने सवयीने उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

तिथे झेंडूच्या माळा गुंडाळलेला एक खांब होता. पडदा भरायचा म्हणून नव्या प्रतीत चित्राच्या दोन्ही कडा छाटल्या होत्या, आणि जॉनी कडेलाच होता. मागून कुणीतरी विचारलं की काका खांब झाले होते का. चंद्रप्रकाशांनी समजूत घातली की पुढच्या सीनमध्ये असाल. जॉनीला वाटलं, आता सगळे म्हणणार, तीस वर्षं हा माणूस थापा मारत होता, आणि दाखवायला त्याच्याकडे एक कोपरसुद्धा उरलं नव्हतं.

तेवढ्यात लिओना म्हणाली, "मम्मी, ही तू आहेस."

जवळजवळ मधोमध, नवरीच्या आईच्या खांद्यामागे, जरीच्या साडीतली एक तरुण बाई उभी होती. चेहरा पूर्ण, लख्ख. ऑलिव्हच होती. जॉनी तिच्याकडे बघत राहिला, मग मागे वळून दुसऱ्या रांगेतल्या ऑलिव्हकडे.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशीच दिसले होते थेटरात," ऑलिव्ह म्हणाली. "तू बोट लावायचास ते उजवीकडे. तुझी नजर तिथून कधी हललीच नाही."

जॉनीला लाज वाटली, आणि ती त्याच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसली. तो पुन्हा पडद्याकडे वळला. सगळे पाहुणे नवरानवरीकडे बघत होते. एकटी ऑलिव्ह तोंडावर हात धरून उजवीकडे बघत हसत होती, त्या खांबाच्याही पलीकडे.

"कुणाकडे बघत होतीस?"

"तुझ्याकडे. फेटा डोळ्यांवर आला होता तुझा."

घरच्या टीव्हीवर आता मधोमध दुसरा डाग पडलाय. वसाहतीत नवीन कुणी राहायला आलं की जॉनी अजूनही गाठतो, नाव आणि मजला सांगतो. तिसरं वाक्य तेवढं बदललंय.

"लग्नाच्या सीनमध्ये एक बाई हसते बघ," तो म्हणतो. "ती ज्याच्याकडे बघून हसते ना, तो मी."