पाण्याखालचा थर

माल उतरला तसे जहाज धक्क्याशी वर उचलले गेले आणि एरवी पाण्याखाली असणारा त्याचा पट्टा उघडा पडला. तो शेवाळाने हिरवा आणि शिंपल्यांनी खरखरीत झाला होता. आठवडाभर मी कंपनीच्या ऑफिसतर्फे या जहाजाला लागणाऱ्या जादा इंधनाचे कारण इंजिनात शोधत होते. चीफ इंजिनिअर सावंतांच्या नावापुढे ‘देखभालीत हयगय’ असे अहवालात लिहूनही झाले होते. तेवढ्यावर त्यांचे पुढचे कंत्राट थांबले असते.

“सापडला का चोर, मॅडम?” सावंत शेजारी येऊन म्हणाले. “दोन महिने जहाज कोमट पाण्यात नांगरून ठेवलंत. आता एवढं शेवाळ अंगावर घेऊन चालायचं म्हणजे इंजिन जास्त खाणारच की!”

नांगरून ठेवण्याचा आदेश आमच्याच ऑफिसचा होता. त्या काळात मुख्य इंजिन बंद होते, म्हणून माझ्या इंधनाच्या तक्त्यात ते दिवसच नव्हते. थांबलेल्या काळाला वजन नसते, असे मी गृहीत धरले होते. पण नुसते थांबून राहण्यातही अंगाला काही चिकटत असावे. नाहीतर सुट्टीहून परतल्यावरही माझे खांदे इतके जड का असतात?

मी अहवालातले सावंतांच्या नावापुढचे ते वाक्य खोडले.

सावंतांनी माझ्याकडे नीट पाहिले. “बसा जरा,” ते म्हणाले. “इंजिन नाही दमलेलं. तुम्ही दमलाय.”