उस्तादनं सिगारेट सोडली होती

आमच्या बॅटरीला, म्हणजे तोफखान्याच्या तुकडीला, वर जायची ऑर्डर आली तेव्हा मी लंगरमध्ये कांदा चिरत होतो. लंगर म्हणजे फौजेतलं स्वयंपाकघर. मी आचारी. लोकांना वाटतं फौजेत सगळे बंदूकच चालवतात. रायफल मलाही शिकवली होती, पण पेन्शन येईपर्यंत मी खरी चालवली ती पळी. शाळा नववीत सुटली. गाव जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीजवळ. सध्या नाशिकला एका वसतिगृहाच्या मेसमध्ये काम करतो. बायको, पोरं आणि आई गावीच आहेत. लिहायची सवय नाही. काही चुकेल अशी सारखी धास्ती वाटते, म्हणून जे डोळ्यांसमोर झालं तेवढंच लिहितो.

पोस्ट उत्तरेला, खूप उंचावर होती. नाव लिहीत नाही. वर झाड नाही, गवत नाही. दोन तोफा, राहायला फायबरच्या तीन झोपड्या, रॉकेलच्या जरिकॅनची रांग आणि बर्फ. उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही. कुकर लावला तरी खालच्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो. पोरांना भूक नसते आणि जेवल्याशिवाय तर चालत नाही, त्यामुळे आचाऱ्याला शिव्या दोन्ही बाजूंनी.

वर जाताना प्रत्येकाला एक बडी देतात. बडी म्हणजे जोडीदार. रोज सकाळी मोजे काढून एकमेकांच्या पायांची बोटं दाबून बघायची. काळी-निळी पडायला लागली की लगेच रिपोर्ट. बडीला सोडून शौचालाही जायचं नाही. जोड्या लावायला लागले आणि मला कोणी घेईना. आचारी पहाटे उठून भांडी वाजवणार, कोणाला हवा असला जोडीदार? तेव्हा हवालदार रंगनाथ म्हणाला, "लंगरवाला माझा. ज्याच्या हातात पळी, त्याच्याशी वाकडं कशाला घ्या?"

रंगनाथ एक नंबर तोफेचा डिटॅचमेंट कमांडर, म्हणजे त्या तोफेवरच्या पोरांचा प्रमुख. गाव सायखेडा, नाशिक जिल्हा, गोदावरीच्या काठावर. घरी टोमॅटो आणि कांदा. माझ्यापेक्षा वयाने, रँकने मोठा. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. मला घरची आठवण येऊन जेवण जायचं नाही, तेव्हा तो स्वतःचं ताट घेऊन लंगरमध्ये माझ्यासमोर बसायचा. "तुझ्या हातचं तूच खाईना, तर आम्ही काय समजायचं?" म्हणायचा. त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

आम्ही दोघंही ओढायचो. वर बहुतेक सगळेच ओढायचे. तोफेजवळ दारूगोळा, त्यामुळे तिथे काडीही न्यायची नाही. ओढायची जागा वेगळी, एका मोठ्या खडकामागे. तिथेही बडीबरोबरच जायचं. उस्तादचं पाकीट पोस्टभर फिरायचं. नवीन पोरगं तोंड पाडून बसलं की हा शेजारी जाऊन बसायचा आणि पाकीट पुढे करायचा.

पोस्टवर एक रिवाज होता. आमच्या आधी तिथे जीव गमावलेल्या जवानांचा दगडांचा छोटा चौथरा होता. संध्याकाळी तिथे उदबत्ती लावायची आणि ज्यांना आवड होती त्यांच्या नावाने एक सिगारेट पेटवून बर्फात रोवायची. पण सिगारेट नुसती काडी लावून धरत नाही. कोणीतरी दोन झुरके मारावे लागतात. ते काम उस्तादचं.

एकदा दारूगोळा वाहताना उस्ताद मध्येच गोळ्यासकट खाली बसला. ओठ निळे. डॉक्टर साहेबांनी बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलं आणि सांगितलं, "हवालदार, असंच चाललं तर तुला खाली पाठवणार." दुसऱ्या दिवशी खडकामागे उस्तादनं पाकीट काढलं, पाहिलं आणि परत खिशात ठेवलं.

"सोडली," तो म्हणाला.

"डॉक्टर साहेबांमुळे?"

"त्यांच्यामुळे बी. पण मंगलला चार वेळा सांगून झालंय सोडली म्हणून. चारी वेळा तिनं पकडला मला. आता फोनवर एक शब्द नाय बोलायचा. सुट्टीला गेलो की तिनंच वास घ्यायचा आन तिनंच सांगायचं."

मंगल म्हणजे त्याची बायको.

मी विचारलं, "मी पण सोडू?"

"बडी हाय ना तू? मंग इचारतो काय?"

बाकी कोणाला सांगायचं नाही असं ठरलं. मागच्या वेळी बॅटरीत लोकांनी त्याच्यावर पैजा लावल्या होत्या. म्हणून आम्ही रोजच्या वेळेला खडकामागे जायचो, रिकाम्या हाताने उभे राहायचो, परत यायचो. पाकीट त्याच्या खिशात तसंच. कोणी मागितली की द्यायचा. चौथऱ्यावरची सिगारेट त्यानं भिकाकडे दिली. भिका आमचा गनर, सटाण्याचा. "मला खोकला हाय, तू पेटव," एवढंच त्याला सांगितलं.

सकाळच्या तपासणीत एक गोष्ट वाढली. बोटं बघून झाली की उस्ताद तोंड पुढे करायचा. "हुंग." मी हुंगायचो. मग मी तोंड उघडायचो, तो हुंगायचा. "पास," म्हणायचा. दोन बाप्ये एकमेकांची तोंडं हुंगताना कोणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं, या विचारानेच आम्हाला हसू यायचं.

पहिले दिवस वाईट गेले. मिठावरून उस्ताद माझ्यावर एवढा भडकला की त्यानं माझी पळी दारातून बर्फात भिरकावली. मग स्वतःच जाऊन शोधून आणली. तलब आली की मी घाबरायचो. वाटायचं आता ही वाढतच जाणार. तो म्हणायचा, "तलब शेलिंगसारखी असती, शिवा. डोकं खाली घालायचं, हालायचं नाय. थांबती. कोणाकडं एवढा दारूगोळा नसतो." खरंच थांबायची. पुन्हा यायची, पुन्हा थांबायची. मग एका सकाळी फोडणी टाकली आणि जिऱ्याचा वास असा नाकात गेला की मी कढईपाशी तसाच उभा राहिलो. एवढी वर्षं आचारी असून मला तो वास नीट येतच नव्हता. त्यानंतर माझ्या डाळीत मीठ जास्त पडलं नाही. पोरं म्हणाली, "लंगरला अक्कल आली." उस्ताद कोपऱ्यात बसून हसत होता.

रॉकेल संपत आलं. खालच्या पोस्टवरून आणायला चौघांची लिंक पार्टी, म्हणजे दोन पोस्टमध्ये ने-आण करणारी टोळी, निघणार होती. पार्टी कमांडर उस्ताद. मी लंगरमुळे मागे. सकाळी त्याची बोटं तपासली. ठीक होती. मग त्यानं तोंड पुढे केलं. मी हुंगलं. नुकत्याच प्यायलेल्या चहाचा वास, दुसरा कसलाच नाही.

"पास," मी म्हणालो.

"रातच्याला खिचडी टाक. पापड बी भाज," असं म्हणून तो चौघांना एकत्र बांधणाऱ्या दोराला जोडला गेला.

दुपारी वरच्या उतारावरून बर्फ सुटला. आवाज आम्ही ऐकला. सुभेदार साहेब वायरलेस सेटवर होते. टायगर म्हणजे आमची पोस्ट.

"लिंक फॉर टायगर. रिपोर्ट. ओव्हर."

काही नाही.

"लिंक फॉर टायगर. रिपोर्ट. ओव्हर."

बऱ्याच वेळाने आवाज आला. "टायगर फॉर लिंक. तीन आदमी ठीक. एक दबा है. ओव्हर."

"कौन?"

"उस्ताद. ओव्हर."

सगळे खोरी, फावडी घेऊन पळाले. मीही गेलो. अंधार पडायच्या आत तो सापडला. डॉक्टर साहेबांनी प्रयत्न केले. उस्ताद गेला होता.

दुसऱ्या संध्याकाळी चौथऱ्यावर सुभेदार साहेबांनी सिगारेट माझ्यापुढे केली. "शिवा, तू बडी." मी घेतली. माझ्याकडून काडीच धरली जाईना. माझी अवस्था बघून भिकाने ती हातातून घेतली, पेटवली आणि बर्फात रोवली. सगळे रडत होते. उस्तादनं सोडली होती, हे सांगायचं राहूनच गेलं. पुढे कित्येक दिवस तलब आली की मी एकटाच खडकामागे जाऊन, नियम मोडून, डोकं खाली घालून उभा राहायचो. कधी वाटायचं, आता कोणासाठी? तपासणारा तर गेला. पण ओढली नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

नंतर माझी बदली दुसऱ्या युनिटला झाली. पेन्शन आली, काम नाशिकला मिळालं. तेव्हा कळलं की दर वर्षी त्या दिवशी बॅटरीतले जवळपासचे लोक सायखेड्याला जमतात. यंदा मीही गेलो. पहिल्यांदाच.

गावकऱ्यांनी त्याच्याच शेताच्या बांधाला सिमेंटचा चौथरा बांधला आहे. त्यावर नाव, रँक. सुभेदार साहेब आता पांढरे झालेत. भिका सटाण्याहून पिकअपमध्ये कांदा घेऊन निघाला होता, लासलगावला माल टाकून तिकडूनच आला. मंगल वहिनींनी चौथरा धुऊन झेंडूची माळ घातली होती. मी पाया पडायला वाकलो तर त्या मागे सरकल्या. "भाऊ, असं नका करू. तुम्ही कोण?"

"मी शिवा. आचारी होतो, वहिनी."

"पळीवाले?" त्यांनी लगेच ओळखलं. "फोनवर तुमचंच सांगायचे."

आम्ही सावधान उभे राहिलो, सॅल्यूट केला. मग भिकाने खिशातून पाकीट काढलं. ते पाकीट दिसताच वहिनींनी ताट उचललं आणि घराकडे चालायला लागल्या.

भिका त्याच्या अर्ध्या अहिराणीत हळूच म्हणाला, "दरसाल अशीच जाते ती. धूर सहन होत नाही तिले." त्यानं सिगारेट माझ्या हातात दिली. "तू बडी शे ना त्याना? औंदा तू पेटव. दोन झुरके मार, लाव, झालं."

मला लाज वाटते सांगायला, पण तोंडाला पाणी सुटलं. एवढ्या वर्षांनीही. सोडून वर्षं झालेला माझा चुलतभाऊ एका लग्नात एकच ओढतो म्हणाला आणि आजतागायत ओढतोय. मी स्वतःला ओळखतो. दोन झुरक्यांवर मी थांबलो नसतो. आणि नाही म्हणावं तर समोर साहेब. साहेबांना मी जन्मात नाही म्हटलेलं नाही. सगळे वाट बघत होते. मी वहिनींच्या पाठीकडे पाहिलं. त्यांचा नाकाला पदर होता आणि त्या भराभर चालत होत्या. धुरापासून एवढं लांब कोणी जात नाही.

"साहेब," मी म्हणालो, "ही पेटवू नका."

"का रे?"

"उस्तादनं सोडली होती."

भिका हसला. "उस्तादनं? अरे, तो सापडला तेव्हा खिशात पाकीट होतं! मीच काढलं. सामानासोबत घरी पाठवलं."

"ते तुमच्यासाठी ठेवलेलं. तुम्ही मागायचा म्हणून. तो ओढत नव्हता. खडकामागे आम्ही नुसते उभे राहायचो."

माझा आवाज जरा मोठाच झाला असावा. वहिनी थांबल्या. ताट घेऊन तशाच मागे आल्या.

"काय म्हणले तुम्ही?"

मी पुन्हा सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "भाऊ, त्यांच्या सामानात पाकीट आलं होतं. मला बरं वाटावं म्हणून सांगत असाल तर नका सांगू. चार वेळा ऐकलंय मी हे."

"वहिनी, मी रोज सकाळी त्याचं तोंड हुंगायचो."

साहेबांनी मान दुसरीकडे वळवली. वहिनींच्या चेहऱ्यावर आधी काही कळेना. मग त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून त्या हसल्या आणि हसता हसता बांधावर खाली बसल्या.

"तुम्ही हुंगायचे?"

"हो. आणि तो माझं. ठरलं होतं, सुट्टीला आला की तुम्ही वास घ्यायचा. त्याआधी फोनवर बोलायचं नाही. मला वाटलं होतं, शेवटी सांगितलंच असेल त्यानं तुम्हाला."

"नाय सांगितलं." त्यांनी हातातलं ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "आन गेले त्या दिवशी?"

"त्या दिवशीही. चहाचा वास होता."

त्या रडल्या. आम्ही सगळे हात मागे बांधून उभे. मग डोळे पुसून त्यांनी मला समोर बसवलं. "लय चिडचिड केली असंल. सांगा ना. काय काय करायचे?" मी सांगितलं. पळीचं सांगितलं, शेलिंगचं, जिऱ्याचं. त्या मध्ये मध्ये विचारत होत्या, झोप लागायची का, जेवायचे का, माझं नाव काढायचे का. एवढं मी आयुष्यात कधी बोललो नाही.

साहेबांनी ती सिगारेट पाकिटात घालून पाकीट भिकाला परत दिलं. भिका रुसल्यासारखा झाला होता.

"मला का नाही सांगितलं त्यानं?"

"तू हसला असतास."

"हसलोच असतो," भिका म्हणाला आणि चौथऱ्याकडे बघून त्यानं नाक ओढलं.

फौजेत माणूस गेला की त्याची रँक, युनिट, जागा, कारण सगळं लिहून ठेवतात. उस्तादचंही लिहिलेलं आहे. ही एक गोष्ट तेवढी त्यात नाही. ती डोळ्यांनी पाहिलेला मीच एक उरलोय, म्हणून इथे लिहितो. हवालदार रंगनाथ, राहणार सायखेडा, तोफ नंबर एकचा डिटॅचमेंट कमांडर, लिंकवर असताना बर्फाखाली गेला. त्यानं सिगारेट सोडली होती. पाचव्यांदा सोडली होती, आणि त्या वेळेला खरी.