टेसनात दादाचा फोटो न्हाय

आमचा आकाराम दादा जाऊन महिना झाला. रेल्वेत गँगमन हुता. नवीन टेसन झालं आनी गावातलं जुनं दगडी टेसन बंद पडलं. आत कुत्री, जुगार. दादानं साऱ्यांच्या मागं लागून ते गावाला मागून घेतलं. कौलं बदलली, चुना मारला, लोकं फुकट राबली. त्याचं एकच म्हणणं, पूर आला की नदीकडच्या लोकास्नी जागा पायजे, एरवी गोरगरिबाची लगनं व्हावीत.

चुना वाळायच्या आत गुटख्याच्या पिचकाऱ्या. सांगून दमला. मग शाहूपुरीतनं जोतिबाचं चित्र असलेली फरशी आणली, कोपऱ्यात चिकटवली. थुकणं थांबलं. पण बायका हळदकुकू लावाय लागल्या, कुणीतर घंटा टांगली, टेसनाच्या कमिटीच्या हंबीररावांनी चपला भाईर काढाय लावल्या. एका लग्नातला मटणाचा हंडा दारातनं परत गेला. दादा तवा हसला. म्हणला, देवाला तांबडा रस्सा सोसत न्हाय वाटतं.

यंदा पूर आला तवा हसला न्हाय. माणसं भिजत दारात, त्यात रुद्राप्पाची सून शिवगंगा, ओली बाळंतीण. हंबीरराव म्हणले, "सुवेर हाय. देवापाशी चालत न्हाय. तिला तेवढी शाळंत न्या." शाळंत गुडघाभर पाणी.

दादा घरातनं छिन्नी घेऊन आला. म्हणला, "देव मी चिकटवलाय, मीच काढतो. काय लागायचं ते मला लागू दे." फरशी निघताना फुटली. तुकडं कपाळाला लावलं त्यानं, पाण्यात सोडलं. बाळंतीण आत गेली.

पाणी उतरलं आनी त्याला ताप भरला. डाक्टर म्हणला लेप्टो, घाण पाण्यात फिरल्यामुळं. चार दिसात गेला. गाव म्हणतंय जोतिबाचा कोप. कवा कवा मलाबी तसंच वाटतंय, काय करू.

दिवसकार्याला हंबीरराव आले, खरंच रडले. म्हणले, दादाचा मोठा फोटो त्याच कोपऱ्यात लावू. चिमणाबाई वैनीला लई बरं वाटलं. मी म्हटलं, "फोटो आला की हार येतोय, हार आला की चपला भाईर. न्हाय लावायचा."

वैनी म्हणली, "सख्खा भाऊ न्हवं तू?"

काल टेसनात शिवगंगेच्या बाळाचं बारसं झालं, माणसं चपलासकट आत-भाईर करत हुती. वैनीला बोलवाय गेलतो. तिनं दार उघडलं न्हाय.