काकवीनं भरलेली चाकं

बापू गेल्याचा फोन आला तेव्हा मी चढावरच्या रानात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसले होते. "आत्ती, दादा गेलं..." एवढंच बोलला सागर, बापूचा मुलगा. शेंगांची पाटी तिथंच टाकून मी निघाले. ती घरी कुणी आणून ठेवली, ते अजून मला माहीत नाही.

बापू माझा धाकटा भाऊ. कोडोलीकडच्या गुऱ्हाळांवर गुळव्या होता, म्हणजे कढईतला रस केव्हा उतरवायचा ते ठरवणारा. आमचे हे वारले तेव्हा माझ्या वाट्याला हा चढावरचा तुकडा उरला. बैल गावात राहिले नाहीत आणि मोठा ट्रॅक्टर तिथल्या अरुंद बांधावर वळत नाही. बापू आपल्या उसातला छोटा ट्रॅक्टर घेऊन यायचा, पण तो पडला हलका. निम्म्या चढावर मागची चाकं नुसती गरगरायची. बांधावर उभे राहून माझे दीर म्हणायचे, "वहिनी, पड पाडण्यापरास रान आम्हाला द्या की. वर्षाचं धान्य घरपोच करतो." माणूस वाईट नव्हे हो. पण आणून दिलेलं खाणं वेगळं आणि आपल्या रानातलं खाणं वेगळं. बापूला हे कधी सांगावं लागलं नाही.

त्यानं आधी चाकांत पाणी भरून बघितलं, वजनासाठी भरतात तसं. थोडा फरक पडला, पण वरचा टप्पा काही चढेना. मग एकदा गुऱ्हाळावर कढईभर रसाचं एक आधण करपलं. गूळ धरेना आणि ती काळी काकवी कुणी फुकटही घेईना. बापू डबे भरभरून घेऊन आला. "आक्का, बादलीभर पाणी उचल आन् बादलीभर काकवी उचल. हाताला कळतंय की, जड काय ते!" चाकांतलं पाणी सोडून दिलं, काकवी जरा पातळ केली, फवारणीच्या पंपाची नळी वॉल्व्हला लावली. तो पंप मारायचा आणि मी मधेमधे पिन दाबून आतली हवा सोडायची. हवेबरोबर काकवीच फुस्सदिशी तोंडावर यायची. माझा पदर, त्याच्या मिशा, सगळं चिकट. दीर हसून बेजार. "पावणं, मुंगळं वढून न्हेतील तुमचा ट्रॅक्टर!"

"न्हेऊ द्यात की," बापू म्हणाला, "चढावर न्हेला म्हंजे झालं."

काकवी आत आंबायची, चाकं फुगायची, अधूनमधून हवा सोडावी लागायची. पण ट्रॅक्टर चढला. अगदी वरच्या टोकाला नेऊन त्यानं बंद केला आणि बराच वेळ तिथंच बसून राहिला. त्यानंतर माझं रान एकदाही पड राहिलं नाही. गेल्या पेरणीला मात्र त्याला धाप लागत होती. "आक्का, ह्यो चढ वाढलाय का गं?" म्हणाला. दवाखान्यात जा म्हटलं, तर हसला नुसता...

परवा सागर चाचरत म्हणाला, "आत्ती, आमच्या उसाच्या मऊ सरीत चाकं रुतत्यात. वजन काढू का? तुमच्या चढाचं मला भ्या वाटतंय, खरं सांगतो." त्याचं काय चुकलं? त्याची पोरं लहान आहेत. "काढ बाबा," म्हटलं.

मी समोर बापूच्या ओट्यावर बसले. सागरनं चाकाचा वॉल्व्ह खाली घेतला आणि पिन काढली. काळी धार लागली. आंबूस वास सुटला. धार कितीतरी वेळ संपेचना, मग दुसऱ्या चाकाची सुरू झाली. तीही संपली. हवा भरून झाल्यावर सागरनं ट्रॅक्टर सावलीत ढकलला, एकट्यानं.

मी तिथूनच दिरांना फोन लावला. "यंदापासनं रान तुम्हीच करा," म्हटलं.

ते हळूच म्हणाले, "वहिनी, आन् पावण्यांचा ट्रॅक्टर?"

"हलका झाला," म्हटलं.