हात लावा

फाटकातून आत यायच्या आधीच त्यांची उजवी मूठ हवेत मागे-पुढे व्हायची, न दिसणारा एखादा दांडा धरल्यासारखी. मग आवाज यायचा, "फोडायच्या आधी इचारायचं की, वैनी." मी अजून काहीच फोडलेलं नसायचं. सकाळचा चहासुद्धा झालेला नसायचा.

माझं उद्यमनगरात भंगाराचं दुकान. सासऱ्यांनी घातलेलं. नवऱ्याला त्यात गोडी नव्हती, म्हणून काट्यावर मी बसले ती बसलेच. भंगारवालीची जीभ गोड असून भागत नाही, गोड जिभेच्या बाईला लोक वजनात गंडवतात. तेव्हा माझं बोलणं कुणाला टोचलं तर टोचू दे. आमच्याकडे आलेली वस्तू फुटते, पितळ पितळात आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड, बिडात जातं, आणि सगळं मिळून फाउंड्रीच्या भट्टीत. जुन्या वस्तूवर जीव लावणारा माणूस या धंद्यात गिऱ्हाईक नसतो, अडथळा असतो. आणि हा अडथळा नव्वदच्या दशकातली कितीतरी वर्षं रोज सकाळी सायकलवरून यायचा.

सगळे त्यांना पंपकाका म्हणायचे. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, आणि तशा शर्टात ते सरळ ढिगात घुसायचे. बाकी कशाशी देणंघेणं नाही, त्यांना हवं असायचं फक्त पेट्रोल पंपावरचं. इनॅमलच्या जुन्या पाट्या, ऑइलचे डबे, हवा मोजायची घड्याळं, पंपावरच्या माणसाच्या छातीवरचा पितळी बिल्ला. माझ्या हमालांना वाटायचं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एकदा ढिगातनं त्यांनी एक पत्र्याचं नरसाळं ओढून काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

"काका, भोक पडलंय त्याला."

"नरसाळ्याला भोक असतंयच, वैनी."

"दोन हायत."

"मग एक जास्तीचं."

फुकट मात्र कधी नेलं नाही. मी म्हणायचे, न्या हो, एवढ्याशा पत्र्याला काय वजन करायचं. ते ऐकायचे नाहीत. "काट्यावर ठेवा. दान घ्यायला आलो न्हाय." काटा थरथरायचा थांबेपर्यंत हाताची घडी घालून उभे राहायचे, मग सायकलच्या कॅरियरला सुतळीनं वस्तू बांधून निघायचे.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ते भांडायला. माझी पोरगी तेव्हा कॉलेजला होती. आपली आई भंगारवाली आहे हे ती मैत्रिणींना सांगत नसे. तीच पोरगी सुट्टीच्या दिवशी काकांच्या घरी जाऊन बसते असं कळलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. जाऊन बघते तर ही बया जमिनीवर पालथी पडून एका जुन्या पाटीवरचं अक्षर कागदावर उतरवून घेतेय. "आई, हे 'प' बघ," म्हणाली, "हातानं काढलेलं आहे, असं वळण आता कुणी काढत नाही." माझ्याच दुकानातून गेलेली पाटी ती. मी तिचं वजन केलेलं, अक्षर वाचलेलं नव्हतं. तिच्या शेजारी चाळिशीचा एक रिक्षावाला मांडी घालून डबे पुसत होता. त्याच्या आईनं आयुष्यभर ऑइलच्या पिवळ्या डब्यात जोंधळ्याचं पीठ ठेवलं होतं. आई गेली, वाटण्या झाल्या, डबा कुणीतरी टाकून दिला. तसाच डबा काकांच्या फळीवर दिसला आणि हा गडी तिथेच चिकटला. तुम्हीही बघितली असतील अशी माणसं. एकच वस्तू गोळा करतात, पण प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं.

दोन खोल्यांचं घर, आणि भिंत म्हणून दिसत नव्हती. काकू चहा देताना म्हणाल्या, "ह्या घरात पेट्रोल सोडून सगळं हाय बगा." दारावर मात्र काकांनी स्वतः रंगवलेली एक पाटी होती. दोनच शब्द. हात लावा.

"असं कुठं असतंय व्हय?" मी म्हणाले.

"राजवाड्यातलं संग्रहालय बगून आलो," ते म्हणाले. "जाईल तिथं लिवलंय, हात लावू नये, हात लावू नये. ज्यानं तलवार धरली त्याची तलवार काचंत हाय. बरोबर हाय, असू दे. ज्यानं दांडा धरला त्याचा दांडा कुठं हाय, वैनी? तुमच्या भट्टीत."

मग त्यांनी एक फोटो दाखवला. गगनबावडा रोडवर एक जुना पेट्रोल पंप होता, त्याच्या ऑफिसात हा फोटो भिंतीला होता. काका नोकरीत असताना तिथला फोन दुरुस्त करायला गेले होते, तेव्हा त्यांच्या नजरेला पडला. पुढे मालकाच्या हातापाया न पडता, सरळ फोटोग्राफर घेऊन जाऊन त्याची कॉपी करून आणली. फोटोत फेटा बांधलेला मालक, त्याच्या शेजारी मोटार, आणि मधोमध हातानं चालवायचा पंप. वर काचेच्या दोन उभ्या बरण्या असायच्या. दांडा मागे-पुढे केला की जमिनीतलं पेट्रोल बरणीत चढायचं, भरलं की मोटारीत सोडायचं. त्या दांड्यावर एक हात होता. नुसता हात. कोपराच्या मागचा माणूस फोटोग्राफरनं बाहेर ठेवला होता.

"करंगळी बगा. वाकडी हाय." काकांनी बोट ठेवलं. "माझा बा."

त्यांच्या वडिलांनी उभं आयुष्य तो दांडा मारला. गावातल्या सगळ्या बड्या लोकांच्या गाड्या त्यांच्या हातच्या पेट्रोलवर पळाल्या. पंपाच्या ऑफिसात पाण्याचा माठ होता. त्या माठाला वडिलांनी हात लावायचा नाही. तहान लागली की ओंजळ करून लांब उभं राहायचं, कुणाला वेळ झाला की तो वरून पाणी ओतायचा. उन्हाळ्यात कुणाला वेळ होत नसे.

"पेट्रोल चालायचं," काका म्हणाले, "पाणी चालायचं न्हाय."

आवाज चढला नव्हता त्यांचा. भांडायला गेलेली मी, पोरीला तिथेच ठेवून परत आले.

पुढे काही वर्षांनी त्या पंपाचा कारभार मालकाच्या नातवाकडे आला. नवीन छत, नवीन मशिनं, काचेचं ऑफिस. मागच्या अंगणातलं सगळं जुनं लोखंड ट्रक भरून माझ्याकडे आलं, कारण त्या घराच्या ट्रकांचं आणि वर्कशॉपचं भंगार मलाच यायचं. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ते. हमालांनी ट्रक रिकामा केला तर तळाशी तो पंप आडवा पडलेला. रंग गेलेला, एक बरणी फुटलेली, दांडा जाग्यावर. मी काट्यावर चढवला, पावती केली आणि पोरीला पळत पाठवलं.

काका आले. त्या दिवशी मूठ हवेत हलली नाही. चालत पंपाजवळ गेले आणि दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. शेवटी मीच म्हणाले, "काका, इचारते बगा. फोडू?"

म्हातारा ढसाढसा रडला. मीही रडले. हमाल तोंड फिरवून बिड्या ओढत बसले.

त्यांच्या घरात पंप मावत नव्हता, म्हणून तो माझ्याच आवारात फाटकाजवळ उभा केला. काका रोज यायचे, रॉकेलनं गंज धुवायचे, ग्रीस लावायचे. दांडा हळूहळू हलायला लागला. आणि अशातच एक दिवस नातू आला. मोठी गाडी, पांढरे कपडे, हातात मोबाईल. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की जुन्या पंपाला आता मोल आहे, लोक हॉटेलात मांडतात, ऑफिसात मांडतात.

"वहिनी, तो पंप चुकून आला तुमच्याकडे. परत न्यायचाय," तो म्हणाला. "नव्या ऑफिसात काचेत ठेवणार. आजोबांचा पहिला पंप, मागे तो फोटो. तुमचं नुकसान नाही करणार."

"चुकून आला, पण वजन चुकून न्हाय झालं," मी म्हणाले. "पावती हाय."

"बघा बुवा. आमचं भंगार तुमच्याकडेच येतं सगळं. येत राहावं असं मला वाटतं."

समजलं मला. न समजायला मी काय काल बसले होते काट्यावर? त्या घराचं भंगार बंद म्हणजे माझं अर्धं आवार रिकामं. हमालांची घरं त्यावर चाललेली. मी काकांकडे बघितलं. ते पंपामागून उठले, हात फडक्याला पुसले.

"न्या की," काका म्हणाले. "फकस्त एक सांगा. फोटोत दांडा कोण मारतंय?"

"असेल कुणीतरी नोकर."

"नाव?"

"काका, इतक्या वर्षांपूर्वीचं मला कसं माहीत असणार?"

"मला म्हाईत हाय. पंपाखाली ते नाव लिवणार?"

नातू हसला. वाईट नव्हतं ते हसणं, पण हसला. "एवढं कशाला? तो आमच्या घराण्याचा पंप आहे."

"असं म्हंता? मग दांडा मारून दावा," काका म्हणाले. "तुमच्या घराण्याचा हाय न्हवं? दहा दांडे मारा आन् घेऊन जावा. वैनी काय म्हणणार न्हाईत."

नातवानं ड्रायव्हरला खूण केली. काका आडवे आले. "ड्रायव्हर न्हाय. तुम्ही."

आवारातले सगळे हमाल गोळा झाले. हे गाव कुस्तीचं, आव्हान दिलं की माणसं जमणारच. नातू पुढे झाला, दांड्याकडे बघितलं. ग्रीसनं काळा झालेला दांडा. त्यानं खिशातून पांढरा रुमाल काढला आणि दांड्याला गुंडाळला.

काकांनी तो रुमाल दोन बोटांनी उचलला, घडी घातली आणि परत त्याच्या हातावर ठेवला.

"रुमाल न्हाय," ते म्हणाले. "हात लावा."

नातवाचं तोंड लालबुंद झालं. रुमाल खिशात कोंबून तो गाडीत बसला, काच वर केली आणि गेला. हात लावला असता तर पंप त्याचा होता. मी अडवलं नसतं, शब्द म्हणजे शब्द. नाही लावला.

त्या महिन्यापासून त्यांचं भंगार बंद झालं. नवरा पंधरा दिवस माझ्याशी धड बोलला नाही. म्हणाला, एका दांड्यापायी घर घालवशील. मी म्हणाले, गेलं तर गेलं, लोखंड दुसऱ्याच्या घरातही गंजतं. खेडोपाडी फिरले, वारणेकडून माल आणला, ओढाताण झाली. पण हमाल एकही कमी केला नाही, आणि उपाशी कुणी मेलं नाही.

काकांच्या डोक्यात मात्र वेगळंच शिजत होतं. रिक्षावाल्याला हाताशी धरून त्यांनी पंपाचं पोट पार रिकामं केलं. आतल्या जुन्या नळ्या काढून नव्या घातल्या, खाली पाण्याची नवी टाकी, फुटक्या बरणीच्या जागी दुसरी काच. मला सांगेनात. बुद्धपौर्णिमेच्या दिवशी सकाळी काकूंना घेऊन आले, घराच्या दारावरची पाटी आणून पंपाला अडकवली आणि दांडा धरला. मागे, पुढे, मागे, पुढे. काचेत पाणी चढलं. खाली तांब्या धरून काकूंनी सोडलं आणि घटाघटा प्यायल्या.

"पाणपोई," काका म्हणाले. "उन्हाळाभर. कुणीबी यावं."

लोकांनी चेष्टा केली. पंपाचं पाणी प्यायलं की पोटात भडका उडंल म्हणाले. पण वैशाखातलं उद्यमनगर म्हणजे भट्ट्या आत आणि भट्टी बाहेर. दुपारपर्यंत फाउंड्रीचे कामगार, हातगाडीवाले, शाळेची पोरं, सगळ्यांची रांग लागली. पोरीनं पंपावर एक नाव रंगवलं, त्या जुन्या 'प'च्या वळणाच्या अक्षरात. काकांच्या वडिलांचं. ते मी इथे लिहीत नाही, तिथे येऊन वाचा.

एकदा एक शेठ गाडीतून उतरला. काकांना म्हणाला, "म्हातारबा, तुम्ही मारा दांडा, मी पितो." काका बाकड्यावर बसले होते, उठले नाहीत.

"माझ्या बानं लई मारलाय," म्हणाले. "आता तुम्ही मारा."

शेठनं मारला. तहान लागली होती, करतो काय?

काका गेले त्याला आता काही वर्षं झाली. पावसाळ्यात आजारी पडले, दिवाळी बघितली नाही. त्यांचे डबे रिक्षावाल्याकडे आहेत, पाट्या पोरीकडे. ती आता अक्षरं काढायचंच काम करते आणि आई भंगारवाली आहे हे कुणी न विचारता सांगते. तो नातू आमच्याच रस्त्यानं जातो. गाडी थांबत नाही. बाटलीतलं पाणी पितो म्हणे. पिऊ दे.

हायवेवरचा एक हॉटेलवाला मात्र सोडत नाही. पंप बागेत ठेवतो म्हणतो, आत लाल दिवा लावतो म्हणतो, मागाल ते देतो म्हणतो. परवा पुन्हा आला. मी तांब्या पुढे केला आणि म्हणाले, "पावणं, हात लावा, पाणी प्या आन् वाटंला लागा."

सकाळी फाटकाशी आता कुणाची मूठ हलत नाही. सवयीनं मान वर होते आणि राग येतो, त्यांचाच, न विचारता गेले म्हणून. मग उठते, काटा उघडायच्या आधी पंपाशी जाते. मधोमध दांड्याचा रंग उडून लोखंड उघडं पडलंय, इतक्या हातांनी. तिथेच धरते आणि बरणी भरेपर्यंत मारते. पहिल्या माणसाला थांबावं लागू नये म्हणून. त्याच्यापुढच्यानं आपापला मारायचा.